पाय ऐकणारे मासे

हसनभाईंच्या आधी त्यांच्या चपला दिसायच्या. बहारीनमधल्या जिदहफ्सच्या बाहेर खजुराची एक जुनी बाग आहे. फाटकातून आत शिरलं की पहिलं जे झाड लागतं त्याच्या बुंध्याशी दोन काळ्या रबरी चपला शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या असायच्या. त्या दिसल्या की समजायचं, हसनभाई आत पाण्याच्या पाटावर गळ टाकून बसलेत आणि आपल्यालाही इथंच चपला काढायच्या आहेत. तसंच पुढं गेलं तर ओरडा ठरलेला. ‘बाय, मासं पळवशील माजं!’ हे ते एवढ्या मोठ्यानं ओरडायचे की झाडांवरची कबुतरं उडून जायची. मासे मात्र जागचे हलायचे नाहीत.

माशाला बोलणं ऐकू येत नाही, पाय ऐकू येतो, असं त्यांचं ठाम मत होतं. काठावर उभं राहून भांडा, गाणी म्हणा, अजान द्या, मासा ढिम्म. पण टाच जरा जोरात टेकली की पाणी रिकामं. ‘त्याला कान नाय, सगलं आंगच कान,’ ते म्हणायचे. त्यामुळे हसनभाईंचा आवाज ढगाएवढा आणि चाल मात्र मांजराची, असा उलटा कारभार होता. आमच्या अदलियाच्या ऑफिसात ते कधी आले हे कुणाला कळायचं नाही. मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसलेली असायची आणि कानाशी एकदम ‘जय भीम, बाय!’ असा स्फोट व्हायचा. माझे कितीतरी चहा त्यापायी सांडले. तुमच्या पायात घुंगरं बांधते, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

आमची कंपनी एसी दुरुस्तीची. ऑफिस अदलियात, वर्कशॉप हिद्दला. माणसांच्या व्हिसाचं, रेसिडेंट कार्डाचं, लीव्हचं काम माझ्याकडं. हसनभाई परकार वर्कशॉपमधले सगळ्यात जुने टेक्निशियन. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, ‘कंचा गाव?’ मी सांगितलं. आपल्याकडं गाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनावाचा येतो, त्यामुळं मी तयारीत होते. हसनभाईंनी विचारलं, ‘नदीच्या वरच्या आंगाला का खालच्या?’

निघालं असं की महाडकडच्या आमच्या भागात सावित्रीला मिळणारी जी एक बारकी नदी आहे, तिच्या वरच्या अंगाला त्यांचा मोहल्ला आणि खालच्या अंगाला आमची बौद्धवाडी. आम्ही दोघं एकाच पाण्यावर वाढलो होतो, ते माझ्या बरेच आधी. एवढं त्यांना पुरलं. त्या दिवसापासून मी त्यांची बाय झाले आणि माझा नवरा मिलिंद विनाकारण त्यांचा जावई झाला.

हिद्दचं वर्कशॉप समुद्राला लागून. सुट्टीच्या दिवशी तिथं काठाला ओळीनं माणसं गळ टाकून उभी असतात आणि बादल्या भरून घरी नेतात. हसनभाई तिकडं ढुंकून बघायचे नाहीत. ‘समुद्राच्या माशाला नुस्ती भूक आसते,’ ते म्हणायचे. ‘नदीचा मासा इचार करतो. त्याला फसवायचा तं आदी आपन तिथं नाय आसं व्हाया लागतं.’ पण बहारीनमध्ये नदी आणायची कुठून? तर एकदा ते जिदहफ्सला एका म्हाताऱ्या हाजींच्या घरी एसी दुरुस्त करायला गेले. घरामागं खजुराची बाग, बागेत सिमेंटचा अरुंद पाट, पाटात वाहतं पाणी, आणि पाण्यात हाताएवढे तिलापिया. हसनभाई पान्हा हातात घेऊन पाटाशी जे बसले ते उठेनात. शेवटी हाजीच त्यांना शोधत आले. हाजींचं तरुणपण हिंदी माणसांबरोबर व्यापारात गेलं होतं, त्यामुळं त्यांना मोडकं हिंदी यायचं. ‘मेरा एसी खलास, तू मछली देखता है?’ असं म्हणून ते हसले म्हणे. तेव्हापासून हसनभाईंची शुक्रवारची सकाळ त्या बागेत ठरली. नमाजाच्या वेळेपर्यंत पाट, मग मशीद.

मी आणि मिलिंद पुष्कळदा जायचो. मिलिंदची शिफ्ट नसली तर. हिवाळ्यातल्या अशा एका सकाळची आठवण माझ्याजवळ अजून ताजी आहे. हसनभाईंनी आदल्या दिवशीच माझ्याकडून हिंग मागून नेला होता. खुब्जचा, म्हणजे इथल्या रोटीचा, मऊ भाग गुळाबरोबर आणि हिंगाबरोबर मळून त्याची गोळी करायची, हे त्यांचं आमिष. काठी नाही, तरंगा नाही. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली दोरी, तिचा पुढचा भाग उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून सोडलेला, बस्स. उकिडवे बसून ते त्या बोटाकडं लक्ष ठेवायचे. डोळे मात्र झाडांकडं, आमच्याकडं, कुठंही. मासा आला की नुसता वास घेतो, मग ओठ लावतो, मग ढकलतो, हे सगळं बोटाला कळतं म्हणायचे. मध्येच गप्पा तोडून ते ‘आला’ म्हणायचे आणि मनगट जरा वळायचं.

मासा निघाला की हात आधी पाण्यात भिजवून घ्यायचे, मग त्याला धरायचं. गळ काढायचा आणि वाहत्या पाण्याकडं तोंड करून त्याला तळहातावर धरून ठेवायचं, तो आपणहून निघेपर्यंत. मिलिंदला हे सोसायचं नाही. ‘एवढा वेळ बसून कालवण नाही?’ तो म्हणायचा.

‘कालवन पायजे तं मार्केटात जा. मी सवय रायला पायजे म्हनून बसतो.’

सवय कशाची, तर उंबराच्या डोहाची. आमच्या नदीवर, त्यांच्या मोहल्ल्याच्या थोडं वर, एक डोह आहे. काठाचं उंबर पाण्यावर वाकलेलं, पिकलेली फळं टपटप पाण्यात पडतात आणि ती खायला खडस येतो. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा मासा; काटे एवढे की खाणारा वैतागतो, आणि सावध एवढा की धरणारा म्हातारा होतो. हसनभाई उंबराचंच फळ गळाला लावून गुडघाभर पाण्यात उभे राहायचे. दगडांवरून अनवाणी, तळव्यांनी चाचपत डोहापर्यंत जायचं हा अर्धा खेळ, असं ते सांगायचे. तिथं एक खडस त्यांची दोरी दर सुट्टीत तोडत आलेली होती. मासा पुल्लिंगी की स्त्रीलिंगी याची त्यांना फिकीर नव्हती. ही मात्र त्यांच्या मते बाईच होती. ‘आता म्हातारी झाली आसल,’ ते म्हणायचे. ‘मी पन झालो. ह्या हिवाल्यात खलास. एक्झिट. मंग ती हाय आनि मी हाय.’

हे ते दर वर्षी म्हणायचे. एसीवाल्यांना उन्हाळ्यात सुट्टी मिळत नाही आणि हिवाळ्यात कधी मुलीचं लग्न, कधी घराचं छप्पर असं काहीतरी निघायचं आणि मुक्काम वाढायचा. पण त्या वर्षी मात्र ते स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि व्हिसा वाढवू नको म्हणाले. गावी बायकोला, रुकय्याभाबींना, फोनवर सांगून झालं होतं. मनामातून नवी दोरी आणून लॉकरमध्ये ठेवून झाली होती. उन्हाळा तेवढा काढायचा होता.

आता वाईट गोष्टीकडं यायला हवं. हसनभाईंना साखर होती. गोळी ते न चुकता घ्यायचे आणि घ्यायचे ती करक चहाबरोबर, ज्यात चमचा उभा राहील एवढी साखर. मी बडबडायचे. ते ‘इंशाल्ला, उद्यापास्नं’ म्हणायचे. या माणसाचा मला कितीदा राग आला आणि अजून येतो, ते मी काय सांगू.

वर्कशॉपमध्ये एकदा तांब्याची नळी जोडताना तापलेला भाग त्यांच्या बोटाला टेकला. करपल्याचा वास आला म्हणून शेजारचा मुलगा ओरडला, तेव्हा त्यांनी बोटाकडं पाहिलं. लोक हसले. हसनभाईंची कातडी गेंड्याची म्हणाले. हसनभाईही हसले. त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही पाटावर होतो. ते मिलिंदला रुकय्याभाबींच्या सांदणांबद्दल सांगत होते, आणि मी बघते तर बोटावरची दोरी थरथरत होती, मग ताणली, मग पाण्यात तिरकी पळायला लागली. हसनभाई सांदणांबद्दलच बोलत होते.

‘हसनभाई, लागलाय!’ मिलिंद म्हणाला.

त्यांनी बोटाकडं पाहिलं. फार वेळ पाहिलं असं मला वाटलं. मग म्हणाले, ‘खेलवतोय मी त्याला.’ आणि दोरी दुसऱ्या हातावर घेतली. त्या दिवशी ते मोठ्यानं एकदाही बोलले नाहीत. त्यानंतर ते दोरी डाव्या हाताच्या बोटावर घ्यायला लागले, आणि मग ओठात धरायला. ओठाला अजून कळतं, असं म्हणायचे. हसायचं की काय करायचं ते मला कळेना. डॉक्टरला दाखवा म्हटलं तर एकच उत्तर. ‘डॉक्टर काय सांगनार? चपल काडू नको. बूट घाल. मंग मी नदीत कसा जानार, बाय?’

त्यांना भीती होती ती एवढीच. नोकरीची नाही, मरणाची तर नाहीच.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी ते एकटेच बागेत गेले. नेहमीसारख्या चपला झाडाशी काढल्या आणि पाटाच्या सिमेंटच्या कडेवर अनवाणी उभे राहिले. त्या महिन्यात इथं सकाळीच सिमेंटवर हात ठेववत नाही. मासे गळाला तोंड लावत नव्हते, म्हणून ते हट्टानं उभे राहिले, ऊन चांगलं वर येईपर्यंत. मग चपला घातल्या आणि मशिदीत गेले. वुजूच्या नळाशी पाय धुवायला घेतले तेव्हा शेजारी बसलेला माणूस, कोण कुठला पाकिस्तानी, त्यांचा घोटा धरून म्हणाला, ‘चाचा, आपके पाँव!’ तळव्याची कातडी सुटून पाण्याबरोबर निघत होती. हसनभाईंनी मला नंतर सांगितलं की त्यांना आधी वाटलं, ते दुसऱ्याच कुणाचे तरी पाय आहेत.

डाव्या तळव्याची जखम उजव्यापेक्षा मोठी होती. आमच्यापैकी कुणालाही त्यांनी ती सांगितली नाही. फडकं बांधून, वर पाइपाला गुंडाळायची काळी टेप लावून, सेफ्टी शूज चढवून ते कामावर येत राहिले. चाल थोडी बदलली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, बूट नवे आहेत.

आणि शुक्रवारी ते बागेत जात राहिले. गळ न घेता.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हसनभाई मूर्ख होते असं वाटेल. आमच्या नदीवरच्या माणसांचं जखमेवरचं पहिलं औषध म्हणजे नदी. पायाला कोयता लागला, काटा मोडून पू झाला, की वाहत्या पाण्यात पाय सोडून बसायचं. बोटाएवढे बारके मासे येतात, मेलेली कातडी टोचून टोचून खातात, जखम गुलाबी होते आणि भरते. माझ्या वडिलांचा पाय असा बरा झालेला मी बघितला आहे. त्यांच्या मोहल्ल्यातही तेच, आमच्या वाडीतही तेच. निम्मं आयुष्य बहारीनमध्ये काढलेल्या हसनभाईंनी तेच केलं. पाटात पाय सोडला आणि तिलापियांना बोलावलं. मासे आले. त्यांनी जखम टोचली. पायाला कळत नसल्यामुळं किती टोचली ते हसनभाईंना कळलं नाही.

आणि ते पाणी नदीचं नव्हतं. हाजींच्या बागेची विहीर खारी होऊन कधीच बंद पडली होती. पाटातून शुद्ध केलेलं सांडपाणी यायचं, झाडांसाठी. हे हसनभाईंना माहीत होतं. हाजींनीच त्यांना सांगितलं होतं. पण वाहतं पाणी ते वाहतं पाणी. हाजी लांबून बघायचे आणि समजायचे, म्हातारा पाय थंड करतोय.

शेवटी वासानं सगळं उघड झालं. वर्कशॉपच्या फोरमननं मला फोन केला आणि मी व मिलिंद त्यांना जवळजवळ ढकलत हॉस्पिटलात घेऊन गेलो. आधी डाव्या पायाची दोन बोटं गेली. मग पाऊल. मग गुडघ्याच्या खाली सगळं. दर वेळी डॉक्टर म्हणायचे आता इथं थांबेल, आणि दर वेळी ते थांबायचं नाही. रुकय्याभाबी फोनवर रडायच्या नाहीत, तेच मला सोसत नव्हतं. त्या फक्त म्हणायच्या, ‘कसाही आसूदे. आना त्याना.’

पाऊल काढायच्या आदल्या दिवशी हसनभाईंनी मला जवळ बोलावलं. डॉक्टर केरळचे होते, हिंदी बोलायचे, हसनभाईंनाही हिंदी चांगलं येत होतं. तरी मलाच म्हणाले, ‘बाय, इचार त्याना. पानी गुडग्याएवडं, तली गोटे, धार बेताची. उभा रायला जमंल काय?’

मी विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. ‘चाचा, पानी से दूर रहना है. हमेशा.’

हसनभाई माझ्याकडंच बघत राहिले, जणू मी सांगायचं अजून बाकी आहे. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि मनातल्या मनात त्यांना खूप शिव्या दिल्या. त्या साखरेला दिल्या, त्या पाटाला दिल्या, आमच्या नदीलासुद्धा दिल्या.

एक्झिट ठरल्याप्रमाणं हिवाळ्यातच झाली. मी व्हिसा रद्द केला, तिकिटावर व्हीलचेअर मागितली. ते गावी पोचले, घरी रुकय्याभाबींच्या हातचं जेवले, आणि शिमग्याच्या सुमारास गेले. विष वर चढलं होतं. घरापासून उंबराचा डोह हाकेच्या अंतरावर आहे, पण वाट उतरणीची आणि दगडांची. तिथवर ते गेले नाहीत. कुणी खुर्चीत बसवून न्यायला तयार होतं, तर नको म्हणाले.

का नको म्हणाले, ते मला माहीत आहे. कारण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विमानतळावर जाताना, आणि त्यांनी गाडी जिदहफ्सला घ्यायला लावली होती.

हवा छान गार होती. हाजी फाटकाशी काठी टेकत उभे होते. दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बराच वेळ राहिले. ‘मफी मुश्किल, हसन, मफी मुश्किल,’ काही बिघडलं नाही, असं हाजी म्हणत होते. मिलिंदनं कुबडीवरच्या हसनभाईंना पहिल्या झाडाशी आणलं आणि बुंध्याशी हाजींच्या दगडी बाकावर बसवलं. पाट समोरच होता, पण ते पुढं निघेनात.

‘चला ना, मी धरतो,’ मिलिंद म्हणाला.

‘नको. हितनं फुडं कुबडी नाय. बाय, तू जा. बग हायत काय.’

मी चपला काढल्या आणि गेले. त्यांनी शिकवलं होतं तशी, आधी बोटं, मग हळूच टाच. पाटात कडेच्या सावलीत मासे होते, अंगाला अंग लावून, वाहत्या पाण्याकडं तोंड करून स्थिर.

‘हायत?’ मागून मोठ्यानं आवाज आला. कबुतरं उडाली.

‘आहेत,’ मी ओरडले. ‘खूप आहेत.’

वळून पाहिलं तर त्यांनी वाकून उरलेल्या पायातली चप्पल काढली होती. ती बुंध्याशी ठेवली. मग तो एक उघडा पाय त्यांनी जमिनीवर टेकला, इतक्या हळू, की पाटात झोपलेला मासासुद्धा जागा झाला नसता. आणि तसेच बसून राहिले. मी पाण्याकडं बघत होते, ते माझ्याकडं.

मिलिंदनं घड्याळ दाखवलं. हसनभाई चप्पल घालून उठायला लागले. तोल सावरताना कुबडी दगडी बाकावर आपटली, एकदाच. माझ्यासमोरचं पाणी रिकामं झालं.

‘गेलं काय?’

मी खोटं बोलणार होते. पण त्यांच्यापुढं पाण्याबद्दल खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

‘गेले,’ मी म्हटलं.

‘मंग!’ हसनभाईंचा चेहरा उजळला. ‘सांगत व्हतो का नाय? पाय आयकतात.’ मग त्यांनी बगलेतल्या कुबडीकडं पाहिलं आणि तो उजेड हळूहळू गेला. ‘हिला चालाया शिकवाया पायजे,’ ते म्हणाले.

आणि गाडीपर्यंत ते ठक ठक करत गेले. त्यांच्या पावलांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.